आजीचा शालू कापू की नको? (कोल्हापूरकर, सल्ला द्या)

चाफा_रंकाळा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज गरजेपोटी लिहायला बसलेय.

मार्गशीर्षात माझं लग्न आहे, कोल्हापुरातच. घरात आजीचा (बाबांच्या आईचा) शालू आहे, १९६२ सालच्या तिच्या लग्नातला. बनारसी, नऊवारी, डाळिंबी रंग, अंगभर बुट्टी आणि पदराला गच्च जर. १९९१ ला आईनं पण अक्षतेला तोच नेसला होता. आता माझा नंबर. पण मी पुण्यात आयटीत, नऊवारी आयुष्यात दोनदा नेसलेय, दोन्ही वेळा शाळेच्या गॅदरिंगला, आणि दुसऱ्या वेळी स्टेजवर सुटली होती. म्हणून माझ्या डोक्यात होतं की याचा छान लेहंगा करून रिसेप्शनला घालावा, पदराची ओढणी.

आत्यानं सांगितलंय, "आईच्या शालूला कात्री लावलीस तर मी अक्षतेला यायची नाही." आत्या बोलते ते करते.

शालूची अवस्था: घडीच्या रेषांवर दोन ठिकाणी चिरलाय, बोट आरपार जातं. जर काही ठिकाणी काळी पडलीय. बाकी रंग अजून असा की बघत राहावं. कुणी असं जुनं कापड नव्यानं करून घेतलंय का? काय झालं, काय फसलं, सगळं सांगा.

तांबडा_पांढरा
आत्या येत नसेल तर एक ताट वाचलं, कापून टाक. 😄

चाफा_रंकाळा
@तांबडा_पांढरा आमच्या आत्याला भेटला नाहीस तू, म्हणून बोलायलायस.

टीप_आणि_दोरा
माझं राजारामपुरीत शिवणकाम आहे, वीसेक वर्षं झाली. दर सीझनला अशा चार-पाच पोरी येतात, हातात आईची नाहीतर आजीची साडी आणि मोबाईलमध्ये कुणातरी हिरॉईनचा फोटो. त्यामुळं जरा सविस्तर लिहिते.

आधी कापड बघायचं, डिझाईन नंतर. शालू खिडकीत उजेडासमोर धर, हात उंच करून. जिथं उजेड चाळणीतनं यावा तसा दिसेल तो भाग गेलेला समज. मग एखाद्या कोपऱ्यात दोन्ही हातांच्या चिमटीत धरून अगदी हलकं ताणून बघ. कागद फाटताना येतो तसा बारीक आवाज आला तर तिथं सुई चालवायचीच नाही. जुन्या रेशमाला शिलाई मारली की फाटतं ते शिवणीच्या शेजारून, शिवण आपली मजबूत राहते.

लेहंग्यात सगळा भार कमरेवर येतो. कळ्या, कॅनकॅन, अस्तर, वर तू नाचणार. साठ वर्षांचं रेशीम तो ताण घेत नाही. करायचाच झाला तर सगळ्या कळ्या आधी कॉटन मलमलवर पसरून हातानं टाचायच्या, म्हणजे ताण मलमल घेईल आणि शालू नुसता वर दिसायला राहील. आणि एक, कुणी "मॅडम फ्युजिंग लावतो, एकदम कडक होईल" म्हणालं तर साडी घेऊन तिथनं पळ. फ्युजिंगचा गोंद इस्त्रीनं एकदा चिकटला की रेशीम फाटल्याशिवाय सुटत नाही.

खटखट_इचल
इचलकरंजीतनं. आमचे माग कॉटनचे, रेशमातलं आपल्याला फार कळत नाही, पण घडीवरच का चिरतं ते सांगतो. उभा ताणा रेशमाचा, बारीक. आडवा बाणा जरीचा, म्हणजे धातूच. वर्षानुवर्षं एकाच घडीला ती तार त्याच धाग्यावर घासत बसते, आणि धागा तुटतो. पदराजवळ जर जास्त म्हणून तिथं आधी जातं. म्हणून वर्षातनं दोनदा तरी साडी बाहेर काढून घडी बदलायची, नाहीतर सरळ गुंडाळी करून ठेवायची.

पूररेषा
माझा अनुभव वेगळा आहे आणि तो ऐकून तरी लोकांनी खालच्या कप्प्यात साड्या ठेवू नयेत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात पाणी आलं (नागाळा पार्क). आम्ही कागदपत्रं, गॅसची टाकी, टीव्ही वर नेला, आणि आईची लग्नातली पैठणी कपाटाच्या सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये तशीच राहिली, कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पाणी उतरल्यावर ड्रॉवर उघडेना, लाकूड फुगलेलं. फोडून काढला तर हिरवा काठ जांभळ्या अंगात उतरलेला, आणि वास तर विचारूच नका. आई रडली नाही. "धुवा आणि वाळवा" एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

मधला भाग हातात येत होता नुसता. पण पदराचे मोर वाचले होते. बहिणीच्या लग्नात त्या पदराचा शेला करून दिला, मागं नवं रेशीम लावून. राहिलेल्या तुकड्यांचे पाच बटवे झाले, सगळ्या मावश्यांना एकेक. आता मला वाटतं, पुराआधीच कुणी कापली असती तर निदान अख्खी कामाला आली असती.

कसोटी
गुजरीत आहे, सोन्याचांदीत. जर काळी पडली ही आनंदाची बातमी आहे ताई. खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळायची आणि वर सोन्याचा मुलामा. काळी पडते ती चांदी. प्लॅस्टिकची जर अशी काळी पडत नाही. खात्री करायची तर पदराच्या दशीतला एक धागा उलगड, आत रेशीम निघालं आणि वरची तार कसोटीच्या दगडावर घासून पांढरी उठली तर चांदी, लालसर उठली तर तांबं.

सोनं निघेल म्हणून कुणी हुरळू नका, ते नावापुरतं असतं, वजन चांदीचं. पण तेवढ्यासाठी सुद्धा लोक जुने शालू वितळवायला देतात. दारावर "जरीच्या जुन्या साड्याऽऽ" म्हणून ओरडत येतात ना, त्या साड्या कुणी नेसायला नेत नाही. जाळून चांदी काढतात.

निनावी_सून
आमच्या सासूबाईंनी दोन शालू देऊन स्टीलचा डबा घेतला होता. डबा अजून आहे. रवा असतो त्यात. मी रोज बघते त्याच्याकडं.

तांबडा_पांढरा
@निनावी_सून जगातला सगळ्यात महाग रवा. विषय हार्ड.

टीप_आणि_दोरा
आणि काळ्या जरीला काहीही लावू नका प्लीज. लिंबू, टूथपेस्ट, चिंच, काही नाही. सेंट पण अंगावर मारून पाच मिनिटं वाळू द्यायचा आणि मग साडी.

निनावी_सून
चिंच मीच लावली होती. माझ्याच पैठणीला. देवाची भांडी लख्ख होतात म्हणून. काठ लख्ख झाला, खालचं रेशीम पांढरं पडलं. यावर कुणी हसायचं नाही.

सदाशिव_पेठी
नऊवारी नेसून तीन तास बसता येत नाही म्हणून साठ वर्षांचा शालू कापायचा? शिवलेली नऊवारी भाड्यानं मिळते, ती घाला आणि हा जपून ठेवा. प्रत्येक गोष्ट वापरलीच पाहिजे असं नसतं.

खटखट_इचल
@सदाशिव_पेठी जपून ठेवून ठेवूनच घडीवर चिरलाय भावा.

शुभस्य
कुणीच विचारलं नाही म्हणून विचारतो, राग मानू नये. आजी सवाष्ण गेल्या का? तसं नसेल तर नववधूनं अंगाला लावण्याआधी कुणाला तरी विचारून घ्यावं. आमच्याकडं पाळतात.

चाफा_रंकाळा
आजोबा २००३ ला गेले, आजी २०१७ ला. मधली चौदा वर्षं तिनं एकटीनं घर ओढलं, माझी इंजिनिअरिंगची पहिली फी तिनं भरली. अंगाला लावायला मला दुसऱ्या कुणाचं कापड इतकं चालणार नाही. राग नाही मानला.

आक्का_मंगळवार_पेठ
नातू टाईप करून देतोय, मी सांगायलोय. वय ७६.

त्या शुभस्यला सांग, साडीला कुंकू नसतं. आणि कापू नये कापू नये कोण म्हणतंय? आमच्या वेळी कापल्याशिवाय लुगडं संपतच नव्हतं. बसून बसून मधी विरलं की तेवढा भाग कापून काढायचा आणि दोन तुकडे जोडायचे, त्याला दांड घालणं म्हणायचं. दांड कासोट्यात नाहीतर निऱ्यात आत जाईल असा नेसायचा, कुणाला कळत नव्हतं. मी स्वतः किती दांड घातलो असेन. अजून विरलं की त्यातनं पोरींना परकर-पोलकं, मग बाळाला दुपटं, शेवटी वाकळ. वाकळंत सगळी माणसं असायची, हा आईचा तुकडा, हा चुलतीचा, अंथरुणात पडल्या पडल्या पोरं ओळखायची. शालूचं मात्र वाकळंत जात नव्हतं, टोचतंय. त्याची कुंची व्हायची, म्हणजे तान्ह्या बाळाचं टोपडं, नाहीतर देवाला आसन.

पोरी, आधी शालू मोजून घे. नऊ वार भरतोय का बघ.

सदाशिव_पेठी
काका, तुम्ही दांड घालायला कुठं शिकलात? पुरुषांनी शिवणकाम करायचं त्या काळात म्हणजे कौतुकच.

तांबडा_पांढरा
आरारारा. 😂😂

खटखट_इचल
पुण्याचा पाहुणा फसला. भावा, आक्का आहेत त्या, नावातच आहे. कोल्हापूरच्या बायका "मी गेलो, मी आलो, मी जेवलो" असंच बोलतात.

सदाशिव_पेठी
क्षमस्व. आक्का हे मला आडनाव वाटलं.

आक्का_मंगळवार_पेठ
असू दे. चहाला ये.

पूररेषा
शुभस्य, तुम्हाला अजून एक सांगते. नवरात्रात तिरुपतीहून अंबाबाईला शालू येतो ना, त्याचा नंतर लिलाव होतो. देवीला वाहिलेल्या साड्या पण प्रसाद म्हणून बायका विकत घेतात आणि नेसतात. देवीला चालतंय, आपल्याला काय धाड भरलीय?

शुभस्य
देवीची गोष्ट वेगळी. पण ठीक आहे, मुलीनं उत्तर दिलं ते आवडलं. माझ्याकडून विषय संपला.

निनावी_सून
मला एक वेगळाच प्रश्न पडलाय. अक्षतेला शालू सासरकडनं येतो ना? मग हा कधी नेसणार? तुझ्या आईला आजीचा म्हणजे सासरचाच होता म्हणून चाललं. तुझ्या सासूबाईंनी हौसेनं महाद्वार रोडवरनं आणला आणि तू आजीचाच घालून उभी राहिलीस तर पहिल्या दिवसापासनं सुरुवात. मी भोगलंय.

चाफा_रंकाळा
म्हणूनच रिसेप्शन म्हटलं. अक्षतेला त्यांचा, हळदीला मामाकडची अष्टपुत्री साडी, संध्याकाळी आजीचा. सासूबाईंना सांगितलंय, त्या उलट म्हणाल्या फोटो पाठव.

तांबडा_पांढरा
हळदीला घालू नको एवढंच. आमच्यात हळद म्हणजे डायरेक्ट रंगपंचमी.

कसोटी
लेहंगा हवाच असेल तर अजून एक मार्ग आहे. पदर आणि काठ उतरवायचे आणि त्याच रंगाच्या नव्या सिल्कवर बसवायचे. आमच्या घरी वहिनीनं तसं केलं. लांबून ओळखू येत नाही.

टीप_आणि_दोरा
@कसोटी होतं, मी पण करते. पण बुट्टी अंगभर आहे म्हणतेय ती, मग मधलं सगळं फेकायचं का? मला जीवावर येतं. साधं अंग असेल तर काठ उतरवणं बरोबर.

चाफा_रंकाळा
मंडळी, मोठी बातमी आहे. रविवारी घरी आले होते. आक्कांनी सांगितलं म्हणून गादीवर धुतलेली चादर पसरून शालू पूर्ण उलगडला, आई आणि मी, टेप घेऊन. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर व्हायला पाहिजे. भरला ७.४२. दोनदा मोजला, तेवढाच.

खटखट_इचल
हातमागावर थोडं इकडंतिकडं असतंय, पण पाऊण मीटरच्या वर फरक? कुणीतरी कापलंय.

आक्का_मंगळवार_पेठ
दांड शोध.

चाफा_रंकाळा
आक्का, सापडला!!! पदराच्या विरुद्ध टोकाकडनं बरोब्बर दोन मीटरवर. इतका बारीक हातशिलाईचा की आई १९९१ ला नेसली तेव्हा तिला कळला नाही. डाळिंबी रेशमाचाच दोरा, बुट्टीला बुट्टी जुळवलेली. उलट्या बाजूनं बोट फिरवल्यावर कळला.

आईला मग आठवलं, आजी एकदा बोलता बोलता म्हणाली होती की लग्नानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या दिवाळीत शालूवर फुलबाजीची ठिणगी पडली आणि सासू पंधरा दिवस बोलली नव्हती. म्हणजे जळका भाग आजीनंच कापला आणि गपचूप जोडला. ज्या शालूला कात्री लागू नये म्हणून आत्या अडून बसलीय त्याला तिच्या आईनं तिच्या जन्माआधीच कात्री लावलीय.

तांबडा_पांढरा
आजी नाद खुळा.

पूररेषा
ठिणगीनं जळून जळून किती जळेल? वीतभर. ८१ सेंटीमीटर कापलं म्हणजे बाकीचं चांगलं कापड गेलं कुठं?

आक्का_मंगळवार_पेठ
कुंची. मी आधीच बोललोय. आत्याचा बारशाचा फोटो बघा.

चाफा_रंकाळा
फोटो काढला ट्रंकेतनं. आत्या पाळण्यात, डोक्यावर कुंची, कुंचीला जरीचा काठ. पण फोटो ब्लॅक अँड व्हाईट. काठावरची वेल आम्हाला तरी तीच वाटतेय. आत्याला व्हॉट्सॲपवर पाठवला तर म्हणाली, "ती खणाची होती, मला आठवतंय." वय दिवस बारा.

निनावी_सून
माझा रवा नाकातनं आला.

सदाशिव_पेठी
बारा दिवसांच्या बाळाच्या साक्षीवर निकाल देता येत नाही, तसा तो धूसर फोटोवरही देता येत नाही. खणाच्या कुंचीलाही जरीचा काठ लावत. मी आत्याच्या बाजूनं.

टीप_आणि_दोरा
ते भांडण चालू द्या. चाफा, गणित बघ. ७.४२ मधनं दोन मीटर गेले की राहतात ५.४२. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर असते. म्हणजे आजीचा दांड नुसता उसवला तर एका बाजूला पदरासकट अख्खी सहावारी आणि दुसऱ्या बाजूला दोन मीटरचा तुकडा. कात्री कुठंच नाही!

लेहंग्याचा नाद सोड, चिरलेलं कापड तो भार घेणार नाही. सहावारीला मागनं त्याच रंगाची बारीक जाळी लावू, रफूवाल्याकडनं चिरलेले दोन पट्टे आधी धरून घेऊ, मग फॉल. निऱ्या पाडताना घडीची जुनी रेष निरीच्या कडेवर येऊ द्यायची नाही. इस्त्री वरनं मलमल टाकून, वाफेशिवाय. आणि रिसेप्शनला तास-दीड तास घालायची, फोटो झाले की बदल. नाचायला दुसरं काहीतरी.

उसवताना ब्लेड वापरू नको. उलट्या बाजूनं एकेक टाका सुईनं उचलायचा, दोन संध्याकाळी जातील. तो दोरा फेकू नकोस.

कसोटी
हे भारी आहे. दोन मीटरमध्ये ब्लाउज निघून उरेल की. उरलेल्यातला एक तुकडा आक्कांना द्या, सल्ल्याची फी.

आक्का_मंगळवार_पेठ
मला नको. माझं मी भरपूर कापलोय. दांड उसवताना फोटो काढ, टाका बघायचाय मला, धावदोरा हाय का हेम घातलीय.

चाफा_रंकाळा
काल रात्री आत्याशी अर्धा तास बोलले. म्हटलं, आत्या, कापत नाही, फक्त उसवतेय, आजीचीच शिवण आहे. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "उसवायला हरकत नाही. कात्री लावायची नाही एवढंच माझं." आणि उसवायला ती स्वतः येणार म्हणे, गणपतीत, माझा हात जड आहे म्हणून.

@आक्का_मंगळवार_पेठ धावदोरा आहे, मधेमधे उलटा टाका. फोटो पाठवते.

तांबडा_पांढरा
आणि त्या दोन मीटरचा ब्लाउज काय दातानं फाडून शिवणार का?

चाफा_रंकाळा
श्शू. ब्लाउजचं तिला अजून सांगितलेलं नाही.

टीप_आणि_दोरा
गणपती झाले की तुकडा घेऊन दुकानात ये. येताना आत्याला आणू नकोस.